फ्लॉरेन्समधली छत्री



गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघं मुलाकडे म्युनिकला होतो. त्याने सुट्टी जोडून इटलीतल्या फ्लॉरेन्सचा बेत केला. हातात पुरते दोन दिवस. परत आल्यावर दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, "काय पाहिलंत, आम्ही गेलो तर काय करावं?" म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

चिरंजिवांनी मोबाईलवर यादी तयार ठेवली होती. पहिला दिवस फ्लॉरेन्स, दुसऱ्या दिवशी सकाळी रेल्वेने पिसाचा कलता मनोरा, दुपारी परत. यादीत एक ओळ नव्हती, ती सौ.ने रात्री जेवताना घातली. "मला आमच्या महाराजांच्या छत्रीला जायचंय." सौ.चं माहेर कोल्हापूर. मुलगा म्हणाला, "आई, ते शहराच्या पार टोकाला आहे. एका छत्रीसाठी पिसा सोडायचं?" तिने उत्तर दिलं नाही. आमच्या घरात ती गप्प बसली की विषय संपलेला नसतो.

पहिल्या दिवसाचं आधी सांगतो. दुओमो म्हणजे तिथलं मोठं चर्च. त्याचा घुमट ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात बांधला. वर जायला ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही. मुलगा आणि नात चढली, आम्ही दोघं खाली बाकावर. मायकेलअँजेलोचा मूळ डेव्हिड अकादेमिया संग्रहालयात आहे, उंची पाच मीटरच्या वर. चौकात उभा आहे तो नकलेचा, पण रांग लावायची ताकद नसेल तर तोही वाईट नाही. उफ्फित्सी हे चित्रांचं मोठं संग्रहालय. त्या शब्दाचा अर्थ 'कचेऱ्या'. १५६०मध्ये सरकारी कचेऱ्यांसाठीच ती इमारत बांधायला घेतली होती. हे कळल्यावर मला तिथे एकदम घरच्यासारखं वाटलं. दोन्हीकडची तिकिटं आधी काढून ठेवा आणि सोमवार टाळा, बंद असतात.

माझा जीव मात्र वेगळ्याच गोष्टीत. छत्तीस वर्षं बँकेत काढली आणि बँकेचं माहेर हे गाव. 'बँक' हा शब्दच सराफाच्या बाकावरून आला, 'बांको'. इथला सोन्याचा फ्लोरिन १२५२पासून पडायला लागला, साडेतीन ग्रॅमचा, आणि युरोपभर चालला. मेदिची घराण्याने १३९७मध्ये इथे बँक काढली. त्याच्याही आधी बार्दी आणि पेरुत्सी या दोन मोठ्या पेढ्या होत्या. इंग्लंडच्या राजाला दिलेली कर्जं अंगाशी आली, आणखीही कारणं होती, आणि १३४०च्या दशकात दोन्ही बुडाल्या. म्हणजे बड्या माणसाला तारणाशिवाय कर्ज देण्याचा रोग आपल्याकडचाच नव्हे. नव्या बाजाराच्या मंडपात, रानडुकराच्या कांस्य पुतळ्याजवळ, फरशीत चाकासारखा एक गोल दगड आहे. दिवाळं काढणाऱ्याला भर बाजारात त्यावर आपटायचे, तेही बुडावर. नात पोट धरून हसली. मी मनातल्या मनात दोन-तीन जुने खातेदार आठवले.

खाण्याची काळजी करू नका. 'रिबोलीता' म्हणून शिळ्या पावाचं, भाज्या आणि घेवड्याचं दाट सूप मिळतं. सौ. म्हणाली, "आपली फोडणीची पोळी, पातळ केलेली." कॉफी काउंटरवर उभं राहून प्या, टेबलावर बसलात की बहुतेक ठिकाणी भाव चढतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाने स्वतःहूनच पिसा रद्द केलं. तोंड जरा फुगलेलं होतं, पण केलं. स्टेशनजवळून ट्राम पकडली. उतरायचा थांबा 'काशीने'. सौ.ने दोनदा विचारलं, "काय नाव?" त्या शब्दाचा अर्थ दूधदुभत्याची शेती, मेदिचींची गाईगुरं तिथे असत. पण तिच्या कानांनी काशीच ऐकली. ट्रामभर ती काही बोलली नाही.

काशीने ही आर्नो नदीच्या काठची लांबच लांब बाग आहे, साडेतीन किलोमीटरच्या आसपास. छत्री तिच्या पश्चिमेच्या टोकाला. थांब्यापासून दोन किलोमीटरच्या वर चालावं लागतं. आदल्या दिवशी सौ.च्या गुडघ्यांनी वीस पायऱ्यांना नकार दिला होता. इथे ती बाकड्यांवर बसत, उठत, माझा दंड धरून दीड तास चालली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७०मध्ये विलायतेला गेले. राणी व्हिक्टोरियाला भेटले, रोज दैनंदिनी लिहीत गेले. ती पुढे पुस्तकरूपाने छापली गेली. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्सला प्रकृती बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचं निधन झालं. वय वर्षं वीस. त्या काळी त्या मुलखात दहनाची रीत नव्हती. खास परवानगी काढावी लागली. आर्नोला मुन्योने नावाची छोटी नदी जिथे मिळते त्या संगमावर, रात्री, बरोबरच्या माणसांनी आपल्या रीतीने अंत्यसंस्कार केले. १८७४मध्ये तिथे छत्री उभी राहिली.

चार खांबांवरची घुमटी, खाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा, डोक्याला पागोटं, गळ्यात दागिने. इंग्रज शिल्पकार फुलर यांनी केलेला. कोवळा चेहरा आहे हो. आणि घुमटीचा आराखडा मेजर मँट यांचा. बडोदेकरांनो, हे नाव ओळखीचं आहे ना? आपला लक्ष्मीविलास पॅलेस यांनीच आखला. तो पुरा व्हायच्या आत ते वारले, पुढचं काम चिझम यांनी केलं. कोल्हापूरचा नवा राजवाडाही मँट यांचाच. मी सौ.ला म्हटलं, "तुझं माहेर, सासर आणि हे, तिन्ही एकाच हातचं." ती म्हणाली, "विसाचं पोर होतं. आई तिकडे वाट बघत असेल."

चौथऱ्यावर लेख कोरलेत, त्यातला एक देवनागरीत. मुलाने नातीला तो एकेक अक्षर लावून वाचून दाखवला. म्युनिकला वाढलेली पोर, तिला देवनागरी येत नाही. तिने विचारलं, "आजोबा, त्यांना घरी का नाही नेलं?" मी बोटीच्या प्रवासाचं सांगितलं. मग ती म्हणाली, "आणि घरचं कोणीच नव्हतं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सौ.ने बागेतलं एक पिवळं रानफूल कठड्याच्या आत ठेवलं.

आता जे लिहायला इतके दिवस लावले ते लिहितो. मुलगा पाच वर्षं म्हणतोय, दोघं कायमचे इकडे या. मी दर वेळी हयातीच्या दाखल्याचं कारण पुढे करतो. ३० नोव्हेंबरच्या आत दाखला गेला नाही तर पेन्शन अडकते, हे आपण सगळे पेन्शनर जाणतो. दाखला आता मोबाईलवरून देता येतो, हेही मुलाला ठाऊक आहे. त्या चौथऱ्यासमोर ती तारीख वाचली आणि मला ते कारण पुढे करण्याची लाज वाटली.

परतताना बाकावर बसलो असता मुलाला खरं काय ते सांगितलं. म्हटलं, "मला तिकडे मरायची भीती वाटते. कोणाच्या हातून, कुठे, कसं, काही कळत नाही." तो बराच वेळ नदीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाबा, दोन वर्षांपूर्वी आई माझ्याकडे आजारी पडली होती ना, तेव्हा मी सगळी चौकशी करून ठेवली होती. तिथेही सगळं नीट होतं. तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही."

म्हणजे तो एकटाच ते ओझं घेऊन फिरत होता, आणि मी त्याला दाखल्याची कारणं देत होतो. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काही सुचलं नाही.

आमचे पणजोबा रत्नागिरीकडून बडोद्याला आले, तेव्हा त्यांच्या आईलाही ते परदेशच वाटलं असणार. आज बडोदा सोडायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. पण आता निदान खरं कारण दोघांना ठाऊक आहे, आणि फोनवर आम्ही त्यावर बोलतो.

तुम्ही गेलात तर दोन दिवसांतली एक सकाळ काशीनेसाठी ठेवा. पाण्याची बाटली आणि मऊ बूट घ्या. बागेच्या टोकाला मोठा पूल दिसेल, त्याचंही नाव 'इंदियानो'वरून, म्हणजे आपल्या महाराजांवरूनच पडलंय. आणि जमलं तर मुलांना बरोबर न्या.