विमानाचे तास आणि घरचे तास

पूर्वी अख्ख्या गावात एखादाच मुलगा परदेशी असे. आता वस्तीवरच्या घरातलेही एखादे लेकरू अमेरिकेत निघते. आमची धाकटी लेक न्यू जर्सीत असते. त्यामुळे मुंबई-न्यूयॉर्क हा रस्ता आमच्या घरात एस.टी.च्या वेळापत्रकासारखा पाठ झाला आहे.

अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. भिंतीवरचा नकाशा पाहून वाटते, विमान अरबस्तान, आफ्रिका करीत सरळ पश्चिमेला जात असेल. पण पृथ्वी नकाशासारखी सपाट नाही. एक गोल कलिंगड घ्या. देठ म्हणजे उत्तर ध्रुव. देठाच्या खाली, दोन बाजूंना दोन खुणा करा आणि दोरा ताणून धरा. दोरा आपोआप देठाकडे सरकेल. म्हणूनच मुंबईहून न्यूयॉर्कचा जवळचा रस्ता नॉर्वे, आइसलंड या थंड मुलखावरून जातो. प्रत्यक्षात वारा बघून आणि कोणत्या देशाचे आकाश खुले आहे ते बघून विमान वाट थोडी बदलते.

आता वेळ. जाताना पंधरा-सोळा तास, येताना चौदाच्या आसपास. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. येताना तो पाठीशी, जाताना छातीवर. आणि घड्याळाची गंमत वेगळीच. तिकडे हिवाळ्यात साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ.

तुम्ही म्हणाल, एवढा हिशेब शेतकऱ्याला कशाला? ऐका. जानेवारीत आमच्या आईने पहाटे पाच वाजता डोळे मिटले. तिकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. लेकीला फोन केला. भावकी ओसरीवर जमली होती. एकच प्रश्न : नातीसाठी थांबायचे का? कोणी म्हणाले, विमानाने काय, चौदा तासांत येईल. मी कागद घेतला. तिला विमान मिळत होते तिकडच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाराचे. म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. त्यात चौदा तास मिळवा, मुंबईत दुपारी साडेबारा. तिथून बाहेर पडायला दीड तास आणि आमच्या तासगावच्या बाजूला मोटारीने आठ तास. रात्रीचे दहा. चौदा तासांचे एकेचाळीस झाले.

लेकीनेच फोनवर सांगितले, "आप्पा, थांबू नका. आजीला ताटकळत ठेवू नका. मी सावडायला पोचते." दुपारी आम्ही आईला निरोप दिला.

दुसऱ्या दिवशी रात्री सव्वादहाला मोटार दारात आली. तिने पाय धुतले, आजीच्या खाटेजवळ बसली, काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी राख सावडताना ती सगळ्यांच्या पुढे होती.

तेरावे उरकून ती परत गेली. वारा समोरचा होता, विमानाला सोळा तास लागले.