खरी तरतूद

तालुक्याच्या गावी तीन पिढ्यांचे भुसार मालाचे दुकान. थोरल्या नातवाने एकोणिसाव्या वर्षात पदार्पण केले, तेव्हा त्याच्या भविष्याची तरतूद आजोबांनी पूर्ण केली होती. मुदत ठेवी होत्या, बाजारपेठेतील एक गाळाही त्याच्या नावे होता. स्वमग्न असलेला हा मुलगा जुने भाव तारखेसह अचूक सांगे. परंतु त्याच्या शर्टाची बटणे आई लावून देई, भांग आजी पाडून देई. दुकानाचे शटर खाली येताच तो कान झाकून घेई. पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत बसविण्याचा प्रघात घरात कधी पडला, हे कोणालाच आठवत नव्हते.

डॉक्टरांच्या सल्ल्याने कुटुंब पुण्यातील एका व्यवसायोपचार तज्ज्ञ बाईंकडे गेले. नाव ऐकून आजोबांना वाटले, येथे मुलाला एखादा धंदा शिकवीत असतील. वस्तुतः येथे ‘व्यवसाय’ म्हणजे माणूस दिवसभर जे जे करतो ते सारे: स्नान, पोशाख, भोजन, शिक्षण, काम आणि विरंगुळाही. या उपचाराच्या शिक्षणाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि विवाहानंतर भारतात स्थायिक झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्याची शाळा सुरू केली.

बाईंनी विचारले, “सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत हा स्वतः काय काय करतो?” आई सांगू लागली आणि मध्येच थांबली. प्रत्येक कामाचा कर्ता घरातील दुसराच कोणी निघत होता. “तुमच्यानंतर ही बटणे कोण लावणार?” या पुढच्या प्रश्नाचे उत्तर आजोबांच्या एकाही ठेवपावतीत नव्हते.

आरंभ बटणांपासूनच झाला. आई बटण काजात अर्धे घालून देई, उरलेले तो ओढून घेई. हळूहळू त्याचा वाटा वाढत गेला. मग दुकानातील एकच काम निवडले: तूरडाळीची अर्ध्या किलोची पाकिटे. पिशवी उघडणे, डाळ भरणे, काट्यावर ठेवणे, तोंड बंद करणे, अशा पायऱ्यांच्या चित्रांचा तक्ता भिंतीवर लागला. वेळ दुपारची, गिऱ्हाइकांची वर्दळ नसतानाची. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची घरातील ठरलेली वेळ हीच त्याच्या कामाची अखेर ठरली. शटर ओढण्यापूर्वी त्याला आधी सांगण्याची पद्धत पडली. काही महिन्यांनी ते तो स्वतःच ओढू लागला. अवचित येणाऱ्या आवाजाची भीती स्वतः केलेल्या आवाजात उरली नाही.

खरी कसोटी घरच्यांची होती. बटणांना वीस मिनिटे लागत. आजीचा जीव कासावीस होई, हात आपसूक पुढे जाई. तो हात मागे घेणे, हेच तिला सर्वांत कठीण गेले. सर्व काही साधले असेही नाही. गर्दीच्या वेळी तो आजही गल्ल्यापाशी थांबू शकत नाही.

कागदपत्रांकडेही कुटुंबाने लक्ष दिले. अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढले. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्वमग्न व्यक्तीसाठी, ती अठरा वर्षांची झाल्यानंतरही, स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. तोही अर्ज केला. ठेवींची आवश्यकता संपली नव्हती. मात्र पैसा माणसाच्या हातातले काम हिरावून घेण्यासाठी नसतो, हे आजोबांना उमगले होते.

गेल्या मार्गशीर्षात धाकट्या बहिणीला पाहण्यासाठी पाहुणे आले. सवयीने कोणीतरी आतल्या खोलीचे दार उघडले. आजोबांनी ते लावून घ्यावयास सांगितले. मुलगा बैठकीत आला. वरचे बटण एक काज चुकले होते. आई उठू लागली, तसे आजोबांनी तिला हाताने थांबविले आणि पाहुण्यांना म्हणाले, “हा आमचा थोरला नातू. आमच्या दुकानातील डाळीची पाकिटे याच्या हातची असतात.”