सात मिनिटांची कोलबी

तर झालं असं, की गेल्या शनिवारी आमच्या माहुलच्या घरात मी पहिल्यांदाच स्वयंपाकघराचा ताबा घेतला. आईला म्हटलं, आज तू बसायचं. मी करतो, सात मिनिटांत होतं. आई नुसती हसली. जिने तीस-पस्तीस वर्षं पाटी घेऊन बाजारात मासळी विकली, तिला मी कोळंबी करून घालणार होतो. धाडसच म्हणायचं!

कृती अगदी सोपी आहे. पाव किलो साफ केलेली कोळंबी फडक्याने कोरडी टिपून घ्या (ओली राहिली तर तव्यावर भाजत नाही, नुसती वाफवते). मीठ-हळद लावा. एका वाटीत दोन चमचे किसलेला गूळ, चमचाभर चिंचेचा कोळ, चमचाभर सोया सॉस आणि अर्धा चमचा लाल तिखट कालवून ठेवा. तवा चांगला तापवून तेलावर कोळंबी दोन्ही बाजूंनी मिनिट-दीड मिनिट परता आणि काढून घ्या. त्याच तव्यात पाच-सहा लसणीच्या पाकळ्या ठेचून टाका, वर वाटीतलं मिश्रण ओता. पाक चमच्याला चिकटायला लागला की कोळंबी परत आत. अर्ध्या मिनिटात एकेक चकचकीत होते. कोळंबी कोयत्यासारखी वाकली म्हणजे शिजली. पार वेटोळं झालं तर समजा रबर खाताय.

आता यातली गंमत सांगतो. ‘साफ केलेली’ हा शब्द आमच्या धंद्यातल्या रेडीमेड लायब्ररीसारखा आहे. एका ओळीत इम्पोर्ट केली की झालं, आतला कोड कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला. आमच्या घरी तो कोड इतकी वर्षं आई लिहीत होती. डोकं मोडायचं, साल काढायची, पाठीतला काळा दोरा ओढायचा. मी मात्र मॉलमधून फ्रोझन पाकीट आणलं होतं.

आईने एक कोळंबी तोंडात टाकली. सावकाश चावली.

"ही खाडीची नाय. गोर लावून काय लपवलंस रं?"

(आमच्या बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो आणि ‘ळ’चा ‘ल’. गोड म्हणजे गोर, कोळंबी म्हणजे कोलबी.)

पकडला गेलो! पाकिटातली कोळंबी व्हनामी होती. ही जात मूळची अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची. भारतात तिच्या शेतीला २००९मध्ये परवानगी मिळाली आणि आज आपल्या तळ्यांतून निघणारी बहुतेक कोळंबी हीच असते. गोठवताना ती सुकू नये म्हणून तिच्यावर बर्फाचा पातळ थर चढवतात. त्या थरालाही ‘ग्लेज’च म्हणतात. म्हणजे माझ्या कोळंबीवर एक ग्लेज कारखान्यातला आणि दुसरा माझा.

"आपल्या खाडीची शेवटची कधी खाल्ली गं आपण?" मी सहज विचारलं.

माहुलच्या खाडीत बाबा पाग टाकायचे. गावाच्या कडेला तेल शुद्धीकरणाचे कारखाने १९५४-५५पासून आहेत. पुढे जहाजं वाढली, शहराचं सांडपाणी वाढलं. मासळी कमी होत गेली आणि मिळेल तिलाही रॉकेलचा वास. तरी बाबा जायचे. रात्री ताटात कोळंबी असायची, आणि ‘आपली कोलबी’ म्हणून आम्ही भावंडं भांडून खायचो.

आई थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, तू नववी-दहावीत होतास तेव्हापासून घरात खाडीची शिजवलीच नाही. बाबांनी आणलेली ती मागच्या दारी टाकायची आणि भाऊच्या धक्क्यावरून विकायला आणलेल्या मालातला एक वाटा बाजूला काढून तोच रांधायची. इतकी वर्षं! विकायचा माल आम्ही खात होतो, आणि मला वाटायचं बाबा आणतात.

"आणि बाबांना कधीच कळलं नाही?"

"तुझे बापाला काय नाक नव्हता?"

बाबा जाऊन सहा वर्षं झाली. पानावर बसले की पहिला घास घेऊन ते दर वेळी म्हणायचे, आज खाडीने चांगली दिली. मला ते वाक्य पाठ आहे. ते कुणासाठी म्हणायचे, ते शनिवारी कळलं.

असो. तव्याला चिकटलेला पाक आईने तांदळाच्या भाकरीने पुसून खाल्ला. मग हात धुता धुता म्हणाली, "बरी झालीय. फुरच्या टायमाला गोर कमी टाक."

म्हणजे पुढची वेळ आहे! :) रविवारी पहाटे तिच्याबरोबर धक्क्यावर जायचं ठरलंय. साफ करायलाही शिकणार आहे. सात मिनिटांचा आकडा तेवढा विसरा.