नळकोंडाळ्याचा ठराव

2020च्या टाळेबंदीत ग्रामसभा बंद पडल्या, तेव्हा मी बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायत सदस्य होतो. गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मीच काढला. रेशन कधी येणार, टँकर किती वाजता, पुढे लस आली तेव्हा ती कुठे मिळणार, सगळं त्यावर. त्या दिवसांत त्याचा फार उपयोग झाला. चूक पुढे झाली. सभा पुन्हा सुरू झाल्या, पण मला त्यांची गरजच वाटेनाशी झाली.

कायद्यानं ग्रामसभेला 15 टक्के किंवा 100 मतदार, यांतला लहान आकडा हजर लागतो. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब करायची. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. ही पळवाट आम्ही सर्रास वापरायचो. ओढ्यापलीकडच्या वस्तीचं सार्वजनिक नळकोंडाळं बंद करायचा विषय आला, तेव्हा मी ग्रुपवर टाकलं, 'घरोघर नळ आले आहेत, कोंडाळ्यावर पाणी वाया जातं. हरकत असल्यास दोन दिवसांत कळवावी.' अंगठेच अंगठे आले, हरकत एकही नाही. 26 जानेवारीच्या तहकूब सभेत मी गावाची संमती आहे म्हणून सांगून मोकळा झालो. महिला सभेच्या रजिस्टरवर सह्याही मीच घरोघर फिरून घेतल्या होत्या.

जानेवारीत ती वस्ती गावात नसते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला माणसं ऊसतोडीला जातात, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. मागे म्हातारी माणसं आणि पोरं. मी शाळेत शिकवतो, माझ्या वर्गातली पोरं त्यांत आहेत, मला हे माहीत नव्हतं असं नाही. तरीही अंगठे बघताना वस्तीचा एकही नंबर त्यांत नाही, हे मी पाहिलं नाही. आणि नळजोडण्या झाल्या तेव्हा तिथली कितीतरी घरं कुलूपबंद होती, म्हणून त्यांना नळ मिळालाच नव्हता.

कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, माणसं परतली. एक बाई रिकामा हंडा घेऊन थेट माझ्या अंगणात आल्या. "भाऊ, मेसेज आला आसंल. पण फोन ह्यांच्यापशी, न् रिचार्ज संपल्यालं. कोंडाळं आमचं, मग इचारलं कुणाला?"

मला उत्तर देता आलं नाही.

1 मेच्या ग्रामसभेला मारुतीच्या देवळापुढे जागा पुरली नाही. मी ठराव कसा झाला ते सगळं सांगितलं, सह्यांसकट. लोक चिडले, बोलले, ते ऐकून घेणं भागच होतं. मग एका म्हाताऱ्या बाबांनी सांगितलं, की कोंडाळं गळत होतं ते तोट्या मोडल्यामुळे, आणि तोट्यांसाठी वस्तीनं ग्रामपंचायतीकडे अर्ज दिला होता. तो अर्ज दप्तरात तसाच पडून होता. म्हणजे पाणी वाया घालवत होतो आम्ही, आणि कोंडाळं तोडलं त्यांचं. ग्रुपवर ही गोष्ट मला वर्षभरातही कळली नसती.

ठराव फिरवला. नव्या तोट्या बसल्या, कोंडाळं सुरू झालं.

हिवाळ्यात येणारे विषय 2 ऑक्टोबरच्या सभेतच, माणसं फडावर जायच्या आत मांडा, असं मी आता भांडून सांगतो. निधी 31 मार्चच्या आत खर्ची घालायचा असतो, थांबता येत नाही, असं उत्तर मिळतं; ते खोटं नाही. पण म्हणूनच आधी विचारायचं. यंदाच्या यादीत वस्तीतल्या राहिलेल्या घरांच्या नळजोडण्या पहिल्या आहेत.