साठ हजारांची पुडी

रिपोर्टवर व्हिटॅमिन डीपुढे ११ हा आकडा होता. २० च्या खाली म्हणजे कमतरता, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला पटेचना. बालाघाटात उन्हाला काय तोटा? पण माझा दिवस जातो शिलाई मशीनवर, काचेच्या दाराआड. डी तयार करणारे किरण काच अडवते, आणि लहानपणापासून ज्याचं कौतुक ऐकलं त्या कोवळ्या उन्हातही ते फारसे नसतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते, तेव्हाचं ऊन कामाचं.

इथवर कळलं. खरा गोंधळ पुढेच.

डॉक्टरांनी ६० हजार युनिटची पुडी लिहून दिली, आठवड्याला एक, अशी ८ आठवडे. मेडिकलवाल्याने तेवढ्याच ताकदीची कॅप्सूल आणि प्यायची छोटी बाटलीही समोर ठेवली. नागपूरच्या नणंदबाई रोज हजार युनिटची गोळी घेतात. वारासिवनीच्या जाऊबाईंचं तर एकच, "गोंदियाला जा, ६ लाखांचं इंजेक्शन घे अन् मोकळी हो!"

६ लाख! मी वहीत हिशेब मांडला. आठ पुड्यांचे होतात ४ लाख ८० हजार. म्हणजे एकूण औषधात फार फरक नाही, फरक आहे तो सगळं एकदम घेण्यात. पुन्हा डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, तेलातलं इंजेक्शन स्नायूतून हळूहळू उतरतं, त्यामुळे लवकर गुण येतो असं नाही. ज्यांची आतडी औषध शोषत नाहीत, त्यांना ते मोलाचं. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या बायकांना वर्षातून एकदाच ५ लाखांचा डोस तोंडाने दिला होता. २०१० साली निष्कर्ष आला : पडणं आणि हाडं मोडणं कमी व्हायचं सोडून वाढलं. हे ऐकल्यावर मी पुडीच धरली.

पांढरे दाणे साईच्या दुधात ढवळायचे आणि जेवणावर घ्यायचे, कारण डी स्निग्धाबरोबरच नीट शोषलं जातं. कॅलेंडरवर रविवारी खूण करते. ही पुडी कुणी रोजची समजून घेत राहिलं, तर रक्तात कॅल्शियम वाढून मळमळ, तहान, मूत्रपिंडाला इजा, इथवर जाऊ शकतं. पुडीवर हे ठळक छापायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे. जाऊबाईंच्या आई पंचाहत्तरीच्या आहेत, त्यांनाही ते इंजेक्शन द्यायचं घाटत होतं. मी फोन करून सांगितलं, आधी रक्त तपासा, आणि एकदम एवढा डोस कशासाठी, हे डॉक्टरांना विचारा.