पहाटेची धून

माझे बालपण जालना जिल्ह्यातील टेंभुर्णी गावी गेले. अब्बा फजरची नमाज पढून आले की रेडिओ लावीत. आधी थोडी खरखर होई. मग तंबोऱ्याच्या साथीने व्हायोलिनची धून ऐकू येई. ती आकाशवाणीची धून होती.

एका पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ तापाने गेला. घरातला रेडिओ बंद झाला. भावाचे नावही कोणी घेईना. बऱ्याच दिवसांनी एका पहाटे अम्मीनेच रेडिओ लावला. धून सुरू होताच तिला रडू कोसळले. मग ती म्हणाली, "ही धून ऐकली की तो पांघरुणातून डोके बाहेर काढायचा." त्या दिवसापासून आम्ही त्याच्याविषयी बोलू लागलो.

या धूनचे श्रेय वॉल्टर कॉफमन यांना दिले जाते, हे मला बी.एड. करताना कळले. कॉफमन ज्यू, म्हणजेच यहुदी होते. त्यांचा जन्म 1907 साली कार्ल्सबाद येथे झाला. ते शहर आज चेक प्रजासत्ताकात आहे. 1933 साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि ज्यूंचा छळ सुरू झाला. 1934 साली कॉफमन मुंबईस आले. आपले संगीत त्यांना प्रथम परके वाटले. पण त्यांनी ते नेटाने शिकून घेतले. 1937 ते 1946 या काळात त्यांनी मुंबईच्या रेडिओ केंद्रात काम केले.

कॉफमन वाचले. सर्वांना असा आसरा मिळाला नाही. प्रागचे ज्यू संगीतकार हान्स क्रासा यांनी 1938 साली मुलांसाठी 'ब्रुंडिबार' हे संगीत नाटक रचले होते. त्यातील बहीणभाऊ आजारी आईच्या दुधासाठी बाजारात गाणी गातात. एक दांडगा माणूस त्यांना हुसकावतो. पण सारी मुले एकत्र येतात आणि जिंकतात. पुढे नाझींनी क्रासांना तेरेझिन येथे डांबले. तेथील कैदी मुलांनी 1943 आणि 1944 मध्ये या नाटकाचे सुमारे 55 प्रयोग केले. 1944 सालीच क्रासांना ऑशविट्झ येथे ठार मारण्यात आले. त्या मुलांपैकीही बहुतेक मारली गेली. नाझींनी सुमारे 60 लाख ज्यूंचे बळी घेतले. आज अनेक देशांतील मुले 'ब्रुंडिबार' गातात आणि त्या मुलांची आठवण जागवतात.

आमच्या घरच्या दुःखाची त्या संहाराशी तुलना होणार नाही. पण अम्मीमुळे मला एक गोष्ट समजली. सूर गेलेल्यांना परत आणीत नाहीत. मात्र त्यांचे नाव पुन्हा आपल्या ओठांवर आणतात.

मित्रांनो, आज घरी दादी-नानीला विचारा, "कोणते गाणे ऐकले की तुम्हाला कोणाची आठवण येते?" आणि त्या बोलू लागल्या की शांतपणे ऐका.