भरतीची रेघ

ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर समुद्रकिनारा काढायचा नियम कडक आहे. रेघ ओढत जाताना जमीन डाव्या हाताला आणि पाणी उजव्या हाताला राहिलं पाहिजे, आणि उधाणाच्या भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथूनच ती गेली पाहिजे. खडकाळ किनाऱ्यावर हे सोपं असतं. द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याशी, उरणच्या खाड्यांत, ते फार अवघड आहे. उपग्रहाचं चित्र भरतीला टिपलंय की ओहोटीला, ते चित्र सांगत नाही. पाणजे गावाजवळ एका चित्रात लख्ख पाणी दिसतं आणि दुसऱ्यात त्याच जागी करडा चिखल. तिवरांच्या गर्दीत तर खाडीचा फाटा कुठे संपतो तेच दिसत नाही. म्हणून इथला किनारा मी घरी बसून काढत नाही. अमावास्येच्या नाहीतर पौर्णिमेच्या आगेमागे, भरतीची वेळ बघून बांधावर जातो, फोनमध्ये जीपीएसचा माग चालू ठेवतो आणि पाण्याच्या कडेने चालतो. तो माग संगणकावर उघडला की मगच रेघेला हात लावतो.

हा नकाशा 2004 साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्टने सुरू केला, आणि जगभरातल्या सामान्य माणसांनी तो भरत आणला. त्याची बाराखडी लहान आहे. एका ठिकाणचा ठिपका म्हणजे नोड, ठिपके जोडून झालेली रेघ किंवा आकृती म्हणजे वे, आणि अशा अनेकांचं नातं म्हणजे रिलेशन. त्यांना टॅग लावले की ठिपक्याची विहीर होते, रेघेचा बांध होतो. दुसऱ्या कुठल्याही नकाशावरून परवान्याशिवाय उतरवून घ्यायचं नाही, आणि जे जमिनीवर आहे तेच लिहायचं, ही दोन बंधनं मात्र सुटत नाहीत. चित्र कधी काही मीटर सरकलेलं असतं, ते आधी जीपीएसच्या मागांशी जुळवून घ्यावं लागतं. उंच इमारत चित्रात कललेली दिसते, म्हणून ती छतावरून न काढता पायथ्यावरून काढायची.

द्रोणागिरीत ‘जमिनीवर आहे तेच’ हे बंधन रोज कसाला लागतं. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना 1970 ची. 95 गावांच्या जमिनींवर नवी मुंबईचा आराखडा मांडला गेला आणि द्रोणागिरी हा त्यातला एक ‘नोड’, पण सिडकोच्या भाषेतला, म्हणजे शहराचा एक विभाग. आराखड्यात सेक्टर, रस्ते, चौक सगळं सरळ रेषेत आहे. प्रत्यक्षात एखादा रस्ता भराव टाकून तयार असतो पण पुढे तिवरांत थांबतो. एखाद्यावर बंदराकडे जाणारे ट्रेलर ओळीने उभे असतात, आणि एखादा अजून कागदावरच असतो. तो कागदावरचा रस्ता रस्ता म्हणून काढला, तर रात्री रुग्ण घेऊन निघालेल्या गाडीला फोन त्याच रस्त्याने पाठवील. म्हणून रस्ता जिथे थांबतो तिथे मीही थांबतो. करंज्याकडचा नौदलाचा परिसर असो वा तेल-वायूचा प्रकल्प, कुंपणाच्या आतलं मी काढत नाही.

नावांचं काम मला सगळ्यात जवळचं. सेक्टरना आकडे मिळाले, पण त्या आकड्यांखालची जमीन बोकडविरा, फुंडे, डोंगरी, पाणजे, नवघर, पागोटे, भेंडखळची आहे. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात या जमिनींसाठीच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली, आणि आज इथे ज्या इमारती उभ्या राहताहेत त्यांतल्या कित्येक त्याच भूखंडांवर आहेत. तेव्हा गावठाणाची सीमा, त्यातल्या आळ्या, देऊळ, तळं, स्मशान हे सेक्टरच्या आकड्याइतकंच ठळक दिसलं पाहिजे, असं मी मानतो.

उरणची लोकल 12 जानेवारी 2024 ला सुरू झाली. बोकडविऱ्याच्या जमिनीवरच्या स्थानकाला तेव्हा द्रोणागिरी हे नाव मिळालं, त्याला गावाचं नाव द्या अशी गावकऱ्यांची मागणी होती. अशा वेळी मॅपरने निवाडा करायचा नसतो. फलकावर असेल ते मुख्य नाव, लोकांच्या तोंडचं पर्यायी नावाच्या टॅगमध्ये, आणि नाव बदललं तर आधीचं ‘जुनं नाव’ म्हणून. त्यामुळे कुठलंही नाव टाकून शोधलं तरी माणूस त्याच फलाटावर पोचतो.

पाणथळीचं काम याहून तातडीचं आहे. नकाशावर कोरी राहिलेली जागा बघणाऱ्याला रिकामी वाटते, आणि रिकामी वाटणाऱ्या जागेवर भराव लवकर पडतो. पाणजेत समुद्राचं पाणी येतं ते बांधांतल्या वाटांनी, म्हणजे उघाड्यांनी. त्या बंद झाल्या की पाणथळ सुकते आणि रोहित पक्षी पाठ फिरवतात, ही पक्षीप्रेमींची तक्रार जुनी आहे. म्हणून तिवरांना तिवरं, चिखलाला भरती-ओहोटीचा चिखल, मिठागराला मिठागर असे वेगवेगळे टॅग मी लावतो, आणि प्रत्येक उघाडी स्वतंत्र नोड म्हणून टाकतो. ती कुठे आहे हे चित्रात सापडत नाही. बांधावर भेटलेल्या माणसाला, “काका, पाणी आत येतं ते कुठून?” असं विचारलं की ते चालत येऊन दाखवतात, आणि पूर्वी तिथे कोणाची खारशेती होती तेही सांगतात.

कांदळवनं, म्हणजे ही तिवरांची वनं, तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये राज्यभर बंदी घातली. तोड झाल्याचं दाखवायचं तर आधी तिथे काय होतं ते कुठेतरी लिहिलेलं हवं. ओपनस्ट्रीटमॅपवर प्रत्येक वस्तूचा इतिहास राहतो. आकृती कुणी पुसली तरी ती कधी काढली होती, कोणत्या खात्यावरून पुसली, हे कुणालाही उघडून बघता येतं. म्हणून चेंजसेटची, म्हणजे एका वेळी पाठवलेल्या बदलांच्या गठ्ठ्याची, टीप मी कधी कोरी सोडत नाही: कुठे गेलो, कोणत्या वेळी, काय पाहिलं.

उरण-पनवेलकडच्या वाचकांना विनंती आहे. खातं फुकट उघडता येतं आणि काम साध्या ब्राउझरमध्ये होतं. आपलं गाव शोधा, त्याचं नाव देवनागरीत आहे का बघा, नसेल तर लिहा. मग घरातल्या वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन बांधावर जा आणि उघाड्या, विहिरी, तळी नकाशावर आणा. भराव पडल्यावर त्या दाखवणारं कोणी उरणार नाही.